आमटी कां विटते?

वैशाखांतील एखाद्या सकाळीं स्वयंपाकघरांतून "आमटी विटली हो!" असे शब्द कानीं पडले नाहींत असें घर महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. रात्रीं जी आमटी सर्वांनीं भुरके मारून खाल्ली, तीच आठ-दहा तासांत अशी कां व्हावी? पातेलें तेंच, झांकण तेंच, आणि तिला तर चांगली खदखदून उकळी आणलेली. उकळण्यानें जंतु मरतात असें आपण आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत शिकतों. मग मेलेले जंतु रात्रींतून जिवंत झाले कीं काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. परंतु ह्याच प्रश्नावर युरोपांतील मोठमोठ्या पंडितांनीं शंभराहून अधिक वर्षें वाद घातला आहे, आणि त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें अजूनहि लग्नाच्या व वसतिगृहांच्या पंगतींतून माणसें आजारी पडतात. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. अन्न बिघडण्यास आपल्या भाषेंत एकच शब्द नाहीं. दूध नासतें, ताक कळकतें, भाकरी बुरसते, पीठ आंबतें, भाजी उतरते आणि आमटी विटते. आपल्या आज्यांना सूक्ष्मदर्शक यंत्र ठाऊक नव्हतें, तरी हे प्रकार एक नव्हेत एवढें त्यांच्या नाकाला व जिभेला पक्कें कळत होतें. कळकण्याचा जंतूंशीं संबंध नाहीं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांतलें तांबें आंबट पदार्थांत उतरतें, एवढाच तो प्रकार. बुरसणें हें बुरशीचें काम. नासणें, आंबणें व विटणें हीं मात्र बहुतेक जंतूंचीं कृत्यें होत. आणि जंतु म्हटला कीं तो वाईटच असेंहि नाहीं. दुधाचें दहीं होतें, इडलीचें पीठ फुगतें, ज्वारीची आंबील आंबते, हें सारें तेच करतात. तेथें आपण त्यांना बोलावतों आणि आमटींत ते न बोलावतां येतात, इतकाच फरक.

आतां वादाची गोष्ट. इ. स. १७४८ मध्यें नीडहॅम नांवाच्या एका इंग्रज धर्मगुरूनें मटणाचा गरम रस्सा कांचेच्या कुपींत भरून तिला घट्ट बूच बसविलें. कांहीं दिवसांनीं पाहतो तों रस्सा गढूळ झालेला आणि सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांत असंख्य जीव वळवळत असलेले. त्यानें अनुमान काढलें कीं, निर्जीव रश्शांतूनच जीव उत्पन्न करणारी एक शक्ति निसर्गांत आहे. स्पॅलँझानी नांवाच्या इटालियन विद्वानास, जो स्वतःहि धर्मगुरुच होता, हें पटलें नाहीं. त्यानें कुपीचें तोंड कांच वितळवून बंद केलें, कुपी बराच वेळ उकळत्या पाण्यांत ठेविली, आणि १७६५ मध्यें प्रसिद्ध केलें कीं अशा रश्शांत कांहींएक उत्पन्न होत नाहीं. नीडहॅमचें उत्तर तयारच होतें: इतकें उकळून तुम्हीं ती शक्तीच मारून टाकली! वाद मिटला नाहीं. पण पॅरिसजवळ आपेर नांवाचा एक मिठाईवाला होता, त्यानें वादांत न पडतां बाटल्यांतून रस्से, भाज्या व फळें भरून, बुचें बांधून, तीं उकळून महिनोन्‌महिने टिकवून दाखविलीं. १८१० सालीं फ्रेंच सरकारानें त्यास १२,००० फ्रँक दिले. रस्सा कां टिकतो हें त्याला सांगतां येत नव्हतें. आम्हांस वाटतें, स्वयंपाकघराच्या इतिहासांत असे पुष्कळ शोध आहेत कीं ज्यांत हात आधीं शिकला आणि डोकें मागाहून.

पाश्चरनें १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या लांब व वांकड्या नळीच्या कुपींत द्रव उकळून ठेविला. नळी उघडी होती, हवा आंत जात होती, पण धूळ त्या वांकांतच अडकून राहिली आणि द्रव जसाच्या तसा निर्मळ राहिला. १८६२ मध्यें फ्रान्सच्या विज्ञान परिषदेनें त्यास पारितोषिक दिलें. येथवर पुस्तकांतील धड्यांत असतें. धड्यांत सहसा नसतें तें असें कीं, पाश्चरचा प्रतिस्पर्धी पूशे हा वाळलेल्या गवताचा काढा वापरी, आणि तो काढा उकळून ठेविला तरी बिघडे. पूशे खोटें बोलत नव्हता. पाश्चरनें वापरलेल्या यीस्टच्या पाण्यांत जें नव्हतें, तें गवतांत होतें. जर्मनीच्या ब्रेस्लाव शहरांतील फर्डिनंड कोन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८७६ मध्यें तें डोळ्यांनीं पाहिलें. त्या जंतूंच्या पोटांत एकेक चकाकणारा कण तयार होत असे, आणि उकळीनें जंतु मेला तरी तो कण मरत नसे. ह्या कणास आपण बीजाणु म्हणूं.

बीजाणु म्हणजे जंतूची झोपलेली अवस्था. तींत तो खात नाहीं, वाढत नाहीं, दुणावत नाहीं. जाड कवचाआड पाण्याचा अंश अगदीं कमी करून पडून राहतो. कोरडी मटकी आणि मोड आलेली मटकी ह्यांची आठवण करावी. कोरडी मटकी उन्हाळाभर तापलेल्या कणगींत पडून राहते व आषाढांत पेरली असतां उगवते. मोड आलेली मटकी मात्र तासभर उन्हांत ठेवली तरी सुकून जाते. जंतूचेंहि तसेंच आहे. जागा असतां तो उकळत्या पाण्यांत कांहीं क्षणांतच मरतो. झोपला असतां त्याच पाण्यांत कित्येकदां तासन्‌तास तग धरतो.

हे बीजाणु आमटींत येतात कोठून? मुख्यतः मातींतून. तूर, हरभरा, मूग हीं मातींत उगवणारीं धान्यें. तीं खळ्यावर मळलीं जातात. मिरीं, धणे, हळद, जिरें ह्यांवर तर बीजाणूंची संख्या फारच असते, कारण हे पदार्थ जमिनीवर पसरून वाळविलेले असतात. घरोघरीं आतां वरण कुकरमध्यें शिजतें. कुकरांत वाफ कोंडल्यामुळें उष्णता १०० अंशांच्या वर, सुमारें ११५ ते १२० अंशांपर्यंत चढते, आणि त्या उष्णतेंत पुष्कळसे बीजाणु नाश पावतात. परंतु आमटी कुकरमध्यें होत नाहीं. झांकण काढल्यावर आपण त्यांत मसाला घालतों, पाणी घालतों, चिंच कोळून घालतों, आणि उघड्या पातेल्यांत उकळी आणतों. म्हणजे नव्या बीजाणूंची भरती कुकर उतरल्यानंतरच होते. शेवटीं वरून घातलेल्या हिरव्यागार कोथिंबिरीला तर उकळीहि मिळत नाहीं.

ह्यांतील गंमत अशी कीं उकळी त्यांना मारीत तर नाहींच, उलट जागें करते. तापल्याचा धक्का बसला म्हणजे कित्येक बीजाणु लवकर रुजतात हें प्रयोगांनीं सिद्ध झालेलें आहे. शिवाय त्याच उकळीनें त्यांचे सारे प्रतिस्पर्धी मेलेले असतात आणि पाण्यांत विरघळलेला प्राणवायु निघून गेलेला असतो. शिजून मऊ झालेली डाळ, गूळ, मीठ, पाणी आणि ऊब, सगळें समोर मांडलेलें. वाटेकरी कोणी नाहीं.

मग त्यांचें गणित सुरू होतें. सोयीचें अन्न व ऊब मिळाल्यास असा जंतु साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. ग्रॅमभर आमटींत रात्रीं दहा वाजतां एकच जागा जंतु आहे असें धरा. तासांत त्याचे ८ होतील, दोन तासांत ६४. आणि सकाळीं सहा वाजतां, म्हणजे चोवीस वेळां दुणावल्यावर, १,६७,७७,२१६ होतील. विद्यार्थ्यांनीं पाटीवर करून पाहावें. खऱ्या आमटींत आरंभीं थोडा वेळ जागें होण्यांत जातो म्हणून हिशेब इतका नेमका उतरत नाहीं. पण ग्रॅमास कोटीच्या घरांत संख्या गेली कीं माणसाच्या नाकाला वास कळूं लागतो, आणि म्हणूनच रात्रींची चांगली आमटी सकाळीं "एकाएकीं" विटलेली दिसते. ती एकाएकीं विटत नाहीं. रात्रभर विटत असते.

विटण्याचे प्रकारहि त्या त्या जंतूंप्रमाणें निराळे. पळीनें आमटी वर उचलतांना बारीक तार सुटली तर बॅसिलस सब्टिलिस किंवा त्याचे भाऊबंद ह्यांचें काम समजावें. पावासहि असाच तारेचा रोग होतो. नुसती आंबूस चव आली, पण फेस नाहीं, असें झाल्यास दह्याचे सोयरे असे जंतु, किंवा चुलीशेजारीं ऊब मिळून वाढणारे कांहीं बॅसिलस असावेत. दह्याचे सोयरे उकळींत मरतात. ते मागाहून उष्ट्या पळीनें, ओल्या हातानें अथवा झांकणाच्या थेंबांनीं येतात. बुडबुडे व फेस दिसला तर वायु सोडणारे जंतु किंवा यीस्ट आलें. कुजकट वास हा डाळींतील प्रथिनें फुटल्याचा. ओला नारळ वाटून घातलेली आमटी सर्वांत आधीं विटते, हा कोंकणांतला रोजचा अनुभव आहे. नारळांत जंतूंना पोषक असें पुष्कळ, आणि खवतांना व वाटतांना त्याला हात, खवणी व पाटा लागलेला.

आतां खरी काळजीची गोष्ट. तार, आंबूसपणा, फेस आणणारे हे जंतु आपणांस सावध करतात. त्यांचा आम्ही फारसा राग करीत नाहीं. परंतु दोन बीजाणुधारी जंतु असे आहेत कीं जे वास न आणतां माणसास आजारी पाडूं शकतात, कारण अपायास लागणारी त्यांची संख्या नाकाला कळण्याच्या संख्येहून कमी असते. एक बॅसिलस सेरियस. हा भात व पिठूळ पदार्थांत विशेष रमतो आणि अन्नांतच एक विष तयार करून ठेवतो. तें खाल्ल्यावर एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात. हें विष इतकें चिवट कीं कुकरच्या उष्णतेनेंहि तें जात नाहीं. दुसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. ह्यास हवा नको असते, म्हणून मटणाच्या रश्शाचा अथवा डाळीचा दाट तळ त्यास मानवतो. त्याचा त्रास आठ ते सोळा तासांनीं पोटांत कळा व जुलाब ह्या रूपानें होतो. त्रेचाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास हा दहा मिनिटांतच दुणावतो. म्हणून मोठ्या पंगतीच्या हंड्याची भीति. वाटींतली आमटी बघतां बघतां निवते. चाळीस लिटरांचा हंडा झांकून ठेविला तर त्याचा मध्य तासन्‌तास ह्याच उबेंत राहतो. घरच्या आमटीस जे लोक तीस वर्षें कधीं बाधले नाहींत, ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं उरलेल्या रश्शानें अंथरुणास खिळतात, त्याचें कारण स्वयंपाक्याचा हात नसून बहुधा हंड्याचा आकार होय.

"पण आम्ही तर सकाळीं पुन्हां उकळी आणतों," असें माता-भगिनी म्हणतील. ह्या रीतीस शास्त्राचा आधार आहे, आणि तिची मर्यादाहि आहे. लंडनच्या जॉन टिंडल ह्यानें १८७७ मध्यें दाखविलें कीं, गवताचा जो काढा सलग तासन्‌तास उकळूनहि निर्जंतुक होत नाहीं, तो थोडा थोडा वेळ, पण मधें कांहीं तासांचें अंतर ठेवून, पुन्हां पुन्हां उकळल्यास होतो. मधल्या वेळांत बीजाणु रुजतात, म्हणजे मटकीला मोड येतात, आणि पुढची उकळी त्या मोडांना मारते. सांजसकाळ आमटीला उकळी देणाऱ्या आजीबाई नकळत टिंडलचीच रीत पाळीत होत्या. तथापि टिंडलचा काढा कोणी पीत नव्हतें. मधल्या तासांत जंतूंनीं विष करून ठेविलें असेल तर दुसरी उकळी जंतूंना मारील, विषाला नाहीं. परफ्रिंजेन्सच्या बाबतींत चांगली उकळी उपयोगी पडते, कारण त्याचें विष तो पोटांत गेल्यावर करतो. सेरियसच्या बाबतींत ती उशिराची ठरते. नुसती कोमट केलेली आमटी तर दोघांनाहि हवीच असते. आणि विटलेल्या आमटींत गूळ घालून, उकळून तिची चव "सुधारण्याची" जी युक्ति कोठें कोठें ऐकूं येते, ती युक्ति नव्हे, वेडेपणा आहे.

आंबटाची गोष्ट मात्र निराळी. आंबट पदार्थांत बहुतेक बीजाणु रुजत नाहींत किंवा रुजले तरी वाढत नाहींत. साधें वरण जवळजवळ आंबट नसतेंच, म्हणून तें लवकर उतरतें. भरपूर चिंचेची अथवा आमसुलांची आमटी त्यामानानें अधिक टिकते. होळीच्या पुरणाची डाळ शिजवून जें येळवणी निघतें त्याची कटाची आमटी दुसऱ्या दिवशीं अधिक चविष्ट लागते असें सर्व खवय्ये सांगतात, आणि आम्हीहि त्यांतलेच. ती चव जंतूंची नव्हे. मसाला मुरल्याची आहे. तिच्यांतील चिंच व दुसऱ्या दिवशींची खरी उकळी ह्यांनीं ती एक दिवस निभावते, पण चिंच नांवालाच घातली असेल तर तिचा भरवसा धरूं नये. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत नाताळासाठीं सोरपोतेल कांहीं दिवस आधीं करून रोज तापवितात, व तें मुरेल तसें अधिक चांगलें मानतात. त्यांत माडाच्या माडीपासून केलेलें व्हिनेगर सढळ हातानें पडतें. पोर्तुगिजांकडून आलेल्या ह्या पदार्थाची खरी राखण त्या आंबटाकडे आहे.

रश्शाचा आणि जंतूंचा आणखी एक संबंध मुंबईस विसरतां येत नाहीं. १८९६ सालीं प्लेगची साथ आली तेव्हां डॉ. हाफकिन ह्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत प्लेगची लस तयार केली. ती बकऱ्याच्या मांसाच्या रश्शांत वाढविलेली होती. रश्शावर तुपाचे थेंब सोडीत, आणि प्लेगचे जंतु त्या थेंबांना खालीं लोंबत वाढत. मग उष्णतेनें ते मारीत. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन ह्यांनीं ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका बाटलींतील लस टोचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मरण पावलीं. धनुर्वाताचा जंतु हा परफ्रिंजेन्सचाच भाऊ; मातींत राहणारा आणि बीजाणु धरणारा. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन ह्यांना आपलें काम सोडावें लागलें, आणि बाटली गांवीं उघडतांना दूषित झाली असावी हें मान्य होऊन ते दोषमुक्त व्हावयास १९०७ साल उजाडलें. आज परळ येथील संस्थेस त्यांचेंच नांव आहे.

घरीं काय करावें? जंतूंस आवडणारी ऊब सुमारें पांच ते साठ अंशांची. म्हणून आमटी एक तर चांगली कढत असावी, नाहींतर लौकर गार करावी. मधल्या पायरीवर तिला रेंगाळूं देऊं नये. अमेरिकेंतील उपाहारगृहांच्या आदर्श नियमांत असें सांगितलें आहे कीं, शिजलेलें अन्न दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि त्यापुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत निवावें. आपल्याकडे मे महिन्यांत रात्रींची हवाच तीस अंशांच्या आसपास असते, तेव्हां नुसतें ओट्यावर ठेवून हें साधणार नाहीं. उरलेली आमटी पसरट भांड्यांत ओतावी, तें भांडें परातींत गार पाणी घालून त्यांत ठेवावें, पाणी एकदोनदां बदलावें, व निवल्यावर शीतकपाटांत सारावें. मोठें पातेलें तसेंच कढत आंत ठेवलें तर कपाट त्याला लवकर गार करूं शकत नाहीं, आणि शेजारच्या दुधाला मात्र ऊब पोंचते. शीतकपाट नसेल तर जेवढी लागेल तेवढीच करावी हेंच उत्तम. रोजच्या अंदाजांत दोन पळ्या कमी धरणें हें शेवटीं ओतून देण्यापेक्षां स्वस्त. चव पाहिलेली पळी पुन्हां पातेल्यांत बुडवूं नये. दुसऱ्या दिवशीं तापवावयाची ती लागेल तेवढीच काढून, बुडबुडे फुटेपर्यंत, ढवळीत तापवावी.

येथें पालकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या घरांतून शिळें खाण्याचा मान बहुधा एकाच व्यक्तीकडे असतो. मुलांना ताजें वाढून, धन्याला डबा देऊन, रात्रींची आमटी आई स्वतः खाते; टाकवत नाहीं म्हणून खाते, आणि पोट दुखलें तर ऊन्ह लागलें असें म्हणते. आमच्या शाळेंतील मुलामुलींनीं घरीं जाऊन एवढें विचारावें कीं, काल उरलेली आमटी आज कोणीं खाल्ली. पातेल्यांत किती उरतें हें ज्या घरीं सर्वांना ठाऊक असतें त्या घरीं उद्यांचा अंदाज चुकत नाहीं.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. चार स्वच्छ कांचेच्या बाटल्या घ्याव्या. तुरीच्या डाळीचें वरचें निवळ पाणी गाळून प्रत्येकींत सारखें भरावें, आणि बाटल्या थोड्या पाण्याच्या पातेल्यांत उभ्या करून अर्धा तास उकळाव्या. पहिली उघडीच ठेवावी. उरलेल्या तिघींच्या तोंडांत उकळण्यापूर्वींच कापसाचा बोळा घट्ट बसवावा. त्यांपैकीं तिसरींत आधींच चिंचेचा घट्ट कोळ घालावा, आणि चौथीला दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं, बोळा न काढतां, पुन्हां तसेंच अर्धा अर्धा तास उकळावें. मोठें माणूस जवळ असावें. रोज सकाळ-सायंकाळ बाटल्या उजेडासमोर धरून कोणती किती गढूळ झाली, साय धरली कीं बुडबुडे आले, हें वहींत टिपावें. कोणत्याहि बाटलींतलें पाणी चाखूं नये, नाकाशीं नेऊं नये, व शेवटीं सर्व उकळून मोरींत ओतावें. दुसरी बाटली बोळा असूनहि गढूळ झाली तर कापसाला दोष देऊं नये. बाहेरून कोणी आलेलें नाहीं, जे होते ते आंतच होते. पूशेचें आणि पाश्चरचें भांडण त्या एका बाटलींत पाहावयास मिळेल.